स्वयंसेवेसाठी गाडी चालवता? कर भरताना या चुका टाळा

अमेरिकेत मराठी शाळेत शिकवायला, मंडळाच्या गणपतीचं सामान आणायला किंवा फूड बँकेत मदतीला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना त्या प्रवासाची वजावट आयकरात मागता येते. गोंधळ होतो तो बहुतेक वेळा दराचा. धंद्याच्या प्रवासाला २०२५ साली मैलाला ७० सेंट होते, तोच आकडा स्वयंसेवेला लावला जातो. स्वयंसेवेला मिळतात फक्त १४ सेंट. हा दर कायद्यातच लिहिलेला आहे, त्यामुळे १९९८ पासून गॅस कितीही महागला तरी आयआरएसला (अमेरिकेच्या आयकर खात्याला) तो वाढवता आलेला नाही. पार्किंग आणि टोल वेगळे धरता येतात. मैलांऐवजी गॅस आणि ऑइलचा प्रत्यक्ष खर्चही दाखवता येतो. भरपूर गॅस पिणाऱ्या जुन्या व्हॅनला ते परवडतं, पण विमा, टायर, दुरुस्ती आणि घसारा त्यात धरायचा नाही.

मुळात २०२५ च्या रिटर्नमध्ये शेड्यूल ए (एकेक वजावट वेगळी दाखवण्याचा फॉर्म) भरत नसाल तर हे मैल मोजून हाती काही लागत नाही. २०२५ साठी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट, एकट्याला १५,७५० डॉलर आणि जोडप्याला एकत्रित ३१,५०० डॉलर होतं. घरकर्ज आणि राज्याचे कर धरूनही अनेकांची बेरीज तिथवर जात नाही. आणि गेलीच, तरी वर्षाला हजार मैल म्हणजे १४० डॉलरची वजावट. २२ टक्क्यांच्या टप्प्यात जेमतेम ३१ डॉलर वाचतात. एवढ्यासाठी मैल फुगवून लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

मुलाला मराठी शाळेत सोडून बाहेर कॉफी पीत बसलात तर ती स्वयंसेवा नव्हे. शिकवायला गेलात तर आहे, पण शिकवण्याच्या तासांची किंमत लावता येत नाही. घरी ठेवलेल्या बेबीसिटरचे पैसेही नाहीत.

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या) अधिवेशनाचं काय, हे हमखास विचारलं जातं. नुसते सभासद म्हणून नाटकं बघायला गेलात तर विमान-हॉटेलचा खर्च तुमचा. तुमच्या मंडळाने प्रतिनिधी म्हणून निवडून पाठवलं असेल आणि तिथे खरोखर काम असेल तर तुमचा खर्च चालतो; सोबत आलेल्या नवऱ्याचा, बायकोचा, मुलांचा नाही. अर्थात मंडळ करमाफीस पात्र धर्मादाय संस्था असायला हवं. आयआरएसच्या संकेतस्थळावर नाव शोधा, कारण काही मंडळं नुसते सोशल क्लब म्हणूनही नोंदलेली असू शकतात. गावाकडच्या संस्थेसाठी केलेली धावपळ, ती संस्था फक्त भारतात नोंदलेली असेल तर, इथे चालत नाही.

नोंद त्या त्या दिवशीच करा: तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती मैल. एप्रिलमध्ये कॅलेंडर बघून वर्षभराचे मैल आठवून लिहिलेली वही तपासणीत टिकणं अवघड. मंडळाने गॅसचे पैसे दिले असतील तर तेवढे वगळा. खर्च २५० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर संस्थेचं पत्र लागतं. त्यात तुम्ही काय काम केलं आणि बदल्यात काही मिळालं का, हे हवं. ते रिटर्न भरण्याआधी हातात पाहिजे, म्हणून खजिनदाराला जानेवारीतच गाठा.