लंडनचं नॅशनल थिएटर बघायला जाताय? या चुका टाळा

लंडनला निघालेल्या नाटकवेड्या माणसाच्या यादीत नॅशनल थिएटर असतंच, पण बहुतेकदा शेवटी. दिवसभर म्युझियम, राजवाडा, पूल, आणि संध्याकाळी वेळ उरला तर नॅशनल. सगळ्यात मोठी चूक हीच. ऐनवेळी हवं ते तिकीट मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी पाय दुखत असताना अडीच-तीन तास परक्या उच्चारातलं इंग्रजी कानात शिरत नाही. शिवाय त्या वास्तूत दिवसा जे फुकट बघायला मिळतं ते हातचं जातं. अर्धा दिवस फक्त नॅशनलसाठी राखून ठेवा.

पत्त्याचा घोळ आधी मिटवू. ‘लंडनची थिएटरं’ म्हटलं की लोक वेस्ट एंड गाठतात. तो भाग थेम्सच्या उत्तरेला. नॅशनल आहे दक्षिण काठावर, वॉटर्लू पुलाला लागून. वॉटर्लू स्टेशनवरून चालत काही मिनिटांत पोचता येतं. शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर याच काठावर असलं तरी बरंच पूर्वेला आहे आणि ती संस्थाही वेगळी. ओल्ड व्हिक हे जुनं नाट्यगृहही वेगळं. नॅशनलची नाटक कंपनी 1963 साली नामवंत नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या नेतृत्वाखाली तिथे सुरू झाली खरी, पण 1976 पासून ती आपल्या स्वतःच्या इमारतीत आहे.

या एका इमारतीत तीन नाट्यगृहं आहेत, आणि तिकीट काढताना नेमकं याकडेच दुर्लक्ष होतं. ऑलिव्हिए सर्वांत मोठं, साधारण साडेअकराशे खुर्च्यांचं. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या प्राचीन प्रेक्षागृहावरून त्याची कल्पना घेतलेली, त्यामुळे खुर्च्या पंख्यासारख्या पसरलेल्या आणि रंगमंच उघडा. लिटलटन आपल्या ओळखीचं, चौकटीच्या रंगमंचाचं. डॉर्फमन लहान, तिथली आसनव्यवस्था नाटकाप्रमाणे बदलते आणि त्याचं दारही वेगळ्या बाजूला आहे. म्हणून स्वस्त खुर्ची दिसली की लगेच पैसे भरू नका. वेबसाइटवर त्या खुर्चीसाठी दिलेली टीप वाचा. खांब किंवा कठडा आड येत असेल तर तसं तिथे लिहिलेलं असतं.

तिकीट नॅशनलच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. मध्यस्थ साइट वरचे पैसे लावतात. सगळं विकलं गेलंय असं दिसलं तरी आशा सोडू नका. ‘फ्रायडे रश’ नावाची सोय आहे: दर शुक्रवारी लंडनच्या घड्याळात दुपारी 1 वाजता पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांची काही तिकिटं 10 पौंडांना ऑनलाइन खुली होतात. भारतात तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे पुढच्या आठवड्यात तिथे पोचणार असाल, तर घरबसल्याही नशीब आजमावता येतं. खातं आधी उघडून ठेवा; ऐन एक वाजता पासवर्ड ठरवत बसलात तर तिकिटं गेलीच म्हणून समजा.

आता भाषेचं. ‘आपलं इंग्रजी चांगलं आहे, समजेल’ या भरवशावर गेलेली कितीतरी माणसं मध्यंतरात एकमेकांना गोष्ट विचारत असतात. ऑफिसातलं इंग्रजी निराळं, आणि उत्तर इंग्लंडच्या गावठी बोलीत, एकमेकांचे शब्द तोडत झालेलं भांडण निराळं. यावर नॅशनलमध्ये उत्तम उपाय आहे आणि आपले लोक तो वापरत नाहीत याची मला खरोखर हळहळ वाटते. ठरावीक प्रयोग कॅप्शनसह होतात. रंगमंचालगतच्या पडद्यावर संवाद बोलले जातात त्याच वेळी उमटतात. ही सोय मुळात ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी आहे, पण त्या प्रयोगाचं तिकीट कोणीही काढू शकतं. पडदा नीट दिसणाऱ्या खास खुर्च्या ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी सोडा आणि जवळपासची जागा घ्या. नाटकाची संहिता बऱ्याचदा तिथल्याच पुस्तकाच्या दुकानात मिळते. दुपारी घेऊन पहिला प्रवेश वाचून काढलात तरी पात्रांची नावं आणि नाती डोक्यात बसतात, आणि मग कान पुष्कळ मोकळा राहतो.

वेळेच्या बाबतीत तिथे ढिलाई चालत नाही. प्रयोग सुरू झाल्यावर आलात तर नाटकात आत सोडण्याजोगा क्षण येईपर्यंत बाहेर थांबवतात. काही नाटकांत तो येतच नाही. विमानतळावरून थेट सुटकेस ओढत तर मुळीच जाऊ नका.

‘इथे काय, शेक्सपिअरच असणार’ हा समज तर सोडूनच द्या. 2022 साली ऑलिव्हिएच्या रंगमंचावर अनुपमा चंद्रशेखर यांचं गांधीहत्येवरचं नाटक झालं. मध्यवर्ती पात्र होतं नथुराम गोडसे. पुण्या-मुंबईत ज्या विषयावर घरोघरी वाद होतात, तो विषय लंडनच्या सर्वांत मोठ्या नाट्यमंचांपैकी एकावर उभा राहिला. दिग्दर्शिका होत्या इंदू रुबसिंघम, आणि 2025 पासून त्याच नॅशनलच्या प्रमुख आहेत. त्यांच्याआधी या पदावर एकही स्त्री नव्हती. तेव्हा ओळखीचं नाव शोधत बसण्यापेक्षा त्या महिन्यात नवं काय लागलंय ते बघा.

राहिली इमारत. बाहेरून करडं काँक्रीट बघून ‘पार्किंगची इमारत वाटते’ म्हणत पुढे निघून जाणारे खूप. राजपुत्र असताना चार्ल्स यांनीही तिला अणुवीज केंद्राची उपमा दिली होती. पण जवळ जा, भिंतीवरून हात फिरवा. काँक्रीट ओतताना लावलेल्या लाकडी फळ्यांच्या रेषा, गाठीसुद्धा त्यात जशाच्या तशा उमटल्या आहेत. वास्तुरचनाकार डेनिस लॅसडन यांनी हे मुद्दाम करवून घेतलं. आतले प्रशस्त फॉयर, म्हणजे नाट्यगृहांबाहेरची दालनं, तिकीट नसलेल्यांनाही खुले असतात. बसा, वाचा, थेम्सकडे बघा. फक्त उघडण्याच्या वेळा आधी तपासा, विशेषतः रविवारच्या.

माझ्या मते मात्र इथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शर्लिंग वॉकवे. डॉर्फमनच्या बाजूने वर चढलं की हा उंचावरचा पूल लागतो, तिकीट नाही, आणि काचेतून खाली नेपथ्याची कार्यशाळा दिसते. सुतार चौकटी जोडतायत, रंगारी भलामोठा पडदा रंगवतायत. नाटकाच्या मागे किती हात राबतात हे एरवी कोण दाखवतं? कारागीर कामाच्या दिवशीच भेटणार, म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी जा.

आणखी खोलात जायचं तर पैसे भरून रंगमंचामागची सफर घेता येते. ऑलिव्हिएच्या रंगमंचाखाली पाच मजली उंचीचं फिरतं यंत्र आहे. आख्खं नेपथ्य खालून वर आणणारं. सफरीची तिकिटं आधी काढावी लागतात. जुन्या प्रयोगांची चित्रमुद्रणं बघायची असतील तर त्यासाठी नॅशनलचं अर्काइव्ह आहे. तिथे मात्र आगाऊ वेळ ठरवूनच जावं लागतं, तेव्हा विमानाचं तिकीट काढलंत की त्यांनाही ईमेल टाका.