घातपाताची धास्ती मनात असताना रोजचं जगणं कसं सांभाळावं

१ ऑगस्ट २०१२, पुणे. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा होती, म्हणून ऑफिस सुटल्यावर राखी घ्यायला मी जंगली महाराज रस्त्यावर गेले होते. राखी घेऊन झेड ब्रिजवरून नारायण पेठेत घरी आले, कुकर लावला आणि आईचा फोन आला. "कुठे आहेस तू?" एवढंच ती म्हणाली, पण तिचा आवाज ऐकूनच माझ्या हातापायातलं बळ गेलं. बालगंधर्वपासून गरवारे पुलापर्यंत तासाभरात चार ठिकाणी स्फोट झाले होते. ते कमी ताकदीचे निघाले, एकच माणूस जखमी झाला. पण काही बाँब सायकलींवर ठेवलेले होते हे कळलं आणि ते डोक्यात जे बसलं ते बसलंच. पुढे कित्येक महिने फुटपाथला लावलेली, बास्केटवाली सायकल दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

पुणेकरांच्या मनातली ही धास्ती हवेतून आलेली नाही. १३ फेब्रुवारी २०१० ला, शनिवारी संध्याकाळी, कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीतल्या स्फोटानं १७ जणांचा जीव घेतला. १० जुलै २०१४ ला फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात, दगडूशेठच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, दुचाकीत स्फोट झाला. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत पुण्याचे दोघे होते. म्हणून "काही होत नाही, घाबरू नका" असं मी कुणाला सांगणार नाही. मला कुणी तसं सांगितलं की मी आणखीच एकटी पडायचे. जे करून मला आणि माझ्या घरच्यांना पुन्हा मोकळेपणानं हिंडता आलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

पायरी १. नेमकी कशाची भीती वाटते, ते कागदावर लिहा

"हल्ली बाहेर पडायलाच नको वाटतं" हे फार मोघम झालं. कुठे, किती वाजता, काय दिसल्यावर पोटात गोळा येतो, हे लिहा. माझ्या कागदावर "उभी सायकल, पुढे बास्केट, आजूबाजूला मालक नाही" एवढंच होतं. माझ्या जावेच्या कागदावर विसर्जन मिरवणुकीत अलका टॉकीजच्या चौकातली गर्दी होती. सासऱ्यांना सुटलेल्या गाडीपेक्षा फलाटावर थांबलेल्या गाडीत जास्त धास्ती वाटायची. लिहून काढलं की भीतीला हद्द पडते. साऱ्या शहराची वाटणारी भीती प्रत्यक्षात दोन-तीन जागांची असते, हे बहुतेकांना कागद बघूनच कळतं.

पायरी २. बातम्यांना वेळ ठरवून द्या

हे सगळ्यात आधी जमण्यासारखं आहे आणि फरकही लवकर पडतो. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २०१३ साली बाँबस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तणावाची तीव्र लक्षणं आढळली, आणि ती प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. यात मला आश्चर्य वाटलं नाही. आपल्या घरात टीव्हीवर तोच धूर, त्याच चपला, तीच रडणारी बाई पन्नास वेळा दाखवतात, आणि मनाला ती पन्नास वेगवेगळ्या घटनांसारखी वाटते. जे चटकन आठवतं ते वारंवार घडत असणार असं मन धरून चालतं, हे अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच मांडून ठेवलं आहे.

तर सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं, तीही शक्यतो वाचून. घटनेचे व्हिडिओ उघडायचे नाहीत. झोपायच्या आधी तासभर फोन दुसऱ्या खोलीत.

व्हॉट्सॲपचं वेगळं सांगायला हवं. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार असा मेसेज घरोघरी फिरला. तो खोटा असल्याचं पीआयबीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयानं, जाहीर केलं, पण तोवर आमच्या सोसायटीतली दोन म्हातारी माणसं उन्हात एटीएमपुढे जाऊन उभी राहिली होती. दोन बाणांची खूण असलेला मेसेज, म्हणजे अनेकदा पुढे ढकललेला, आणि त्यात "माझ्या ओळखीच्या पोलिसांनी सांगितलंय" असं वाक्य, हे दोन्ही दिसलं की तो पुढे पाठवू नका. कळकळीनं सांगते, आपण "असू द्या, सावध राहिलेलं बरं" म्हणून पाठवतो आणि कुणाची तरी रात्रीची झोप जाते.

पायरी ३. अंगाला आधी शांत करा, विचारांचं नंतर बघू

धोका जाणवला की अंगात ॲड्रिनलिन सुटतं. छाती धडधडते, तळहात गार पडतात, पोट ढवळतं. पळायची किंवा लढायची ती तयारी असते, धोका खरा असो वा फटाक्याचा आवाज असो. अशा वेळी मनाशी वाद घालून उपयोग होत नाही. चार अंक मोजत नाकानं श्वास घ्या, सहा अंक मोजत सावकाश सोडा. श्वास सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके खाली येतात. पाच मिनिटं करा. पाय जमिनीवर घट्ट टेका, आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या: रिक्षा, पाटी, पिंपळ, पाण्याची टाकी, केळीवाला. घरी बसून आठवडाभर सवय केली तरच हे गर्दीत आठवतं.

पायरी ४. जी तयारी करायची ती एकदाच, नीट करा

रविवारी चहाच्या वेळी सगळे घरात असताना वीस मिनिटं पुरतात. फोन लागले नाहीत तर कुठे भेटायचं ते ठरवा. आमचं ओंकारेश्वराच्या देवळासमोर ठरलं आहे. दोन-तीन नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा. बॅटरी संपली की हल्ली नवऱ्याचाही नंबर आठवत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे मुलांकडून पाठ करून घ्या. नेहमीच्या जागी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे, ते एकदा बघून ठेवा.

बेवारस वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, पायानं सरकवायची नाही, फोटो काढत उभं राहायचं नाही. लांब व्हा, इतरांना लांब करा, कंडक्टरला, मेट्रोच्या रक्षकाला किंवा ११२ ला कळवा. आणि कुठे आवाज झालाच तर बघायला धावू नका. जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक चार स्फोट झाले होते, हे लक्षात ठेवा.

हे कसं दिसतं ते मी एकदा पाहिलं आहे. स्वारगेटच्या बसमध्ये मंडईच्या पुढे एका बाईंना सीटखाली काळी पिशवी दिसली. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कंडक्टरकडे गेल्या. तो मोठ्यांदा म्हणाला, "ही पिशवी कुणाची? कुणाची आहे पिशवी?" तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही तेव्हा त्यानं बेल मारून बस बाजूला घेतली. "सावकाश उतरा, म्हाताऱ्यांना आधी उतरू द्या." आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. कंडक्टर फोन लावत होता तेवढ्यात मागून एक कॉलेजचा मुलगा धापा टाकत आला. मंडईच्या स्टॉपवर उतरताना डबा विसरला होता. त्यानं ओशाळून बाहेरूनच त्या पिशवीचं आणि डब्याचं वर्णन सांगितलं, आत मेथीचे पराठे आहेत म्हणाला. कुणी त्याला रागावलं नाही. त्या बाई पुन्हा बसमध्ये चढल्या, आपल्याच जागी बसल्या आणि पर्समधलं विणकाम काढलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. जे करायचं ते त्यांनी करून टाकलं होतं आणि आता त्या पुढच्या टाक्याकडे वळल्या होत्या.

पायरी ५. टाळलेल्या जागी पायरीपायरीनं परत जा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि सगळ्यात जड जाणारंही. एखादी जागा टाळली की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यातूनच मन शिकतं की जागा खरंच धोक्याची होती. आज एक रस्ता सुटतो, पुढच्या महिन्यात बाजार सुटतो. टाळण्यातला धोका मात्र आपण मोजत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत बरेच लोक विमान सोडून मोटारीनं लांबचा प्रवास करू लागले. त्यातून पुढच्या वर्षभरात रस्त्यावर सुमारे १,५०० जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी मांडला. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणून बसच्या गर्दीला घाबरून कुणी हेल्मेटशिवाय स्कूटर काढतं, तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

आकड्यांनी मात्र भीती जात नाही, तिथे जाऊन उभं राहिल्यानं जाते. मी एक शिडी केली होती. पहिल्या आठवड्यात सकाळी नवऱ्याबरोबर झेड ब्रिज ओलांडून संभाजी उद्यानापर्यंत आणि परत. दुसऱ्या आठवड्यात तेच एकटीनं. मग संध्याकाळी सातला, गर्दीत, बसस्टॉपवर दहा मिनिटं. त्यानंतर उभ्या सायकलीपासून दहा पावलांवर, मग पाच पावलांवर. शेवटची पायरी होती बास्केटवाल्या सायकलीशेजारी उभं राहून एक अख्खं कणीस खाणं.

नियम एकच पाळायचा: भीती चढलेली असताना निघून यायचं नाही. ती वाढते, शिगेला पोचते आणि साधारण दहा-वीस मिनिटांत आपोआप उतरू लागते. उतरल्यावर निघा. मधूनच पळालो तर पुढच्या वेळी ती आणखी वरून सुरू होते. शिडीच्या पाचव्या पायरीवर, सायकलीपासून पाच पावलांवर, मी दोनदा माघारी आले होते. तेव्हा एक पायरी खाली उतरून चार दिवस तिथेच राहिले.

जावेची शिडी तीन वर्षं चालली. पहिल्या वर्षी मांडवातले गणपती दुपारी बघितले, दुसऱ्या वर्षी मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरच्या ओळखीच्या गॅलरीतून, तिसऱ्या वर्षी कसबा गणपतीच्या पालखीमागे ढोलाच्या आवाजात खाली रस्त्यावर.

पायरी ६. माणसांकडे बघताना जपा

धास्ती वाढली की नजर माणसांच्या दाढीवर, बुरख्यावर, आडनावावर जाते. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण माझीही गेली होती. ज्यांच्याकडून पंधरा वर्षं बांगड्या भरून घेतल्या, त्या चाचांकडे मी चार महिने गेले नाही. गेले तेव्हा त्यांनी फक्त "ताई, तब्येत बरी होती ना?" असं विचारलं. बेवारस वस्तू आणि विचित्र वागणूक याकडे जरूर लक्ष द्या. कपडे आणि नाव यांवरून काहीच कळत नाही, आणि एक माणूस विनाकारण दुखावला जातो.

पायरी ७. मुलांशी आणि म्हाताऱ्यांशी बोला

मुलाला आधी विचारा, "तुला काय काय कळलंय?" ते पूर्ण ऐका, मग चूक असेल तेवढंच दुरुस्त करा. "असं कधीच होणार नाही" हे वचन देऊ नका, कारण पुढच्या बातमीला ते मोडतं. "असं क्वचित होतं, आणि झालंच तर आपण ओंकारेश्वरापाशी भेटायचं" हे मुलाला पुरतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी दिवसभर टीव्ही चालू असतो. संध्याकाळी त्यांना खाली बाकावर घेऊन बसा.

पायरी ८. मदत कधी घ्यायची

महिना उलटूनही झोप लागत नसेल, तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, कामावर किंवा शाळेत जाणं बंद पडलं असेल, भीती दाबायला दारूचा आधार लागत असेल, तर एकट्यानं झुंजू नका. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत फोनसेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. काय बोलायचं ते सुचत नसेल तर पहिल्या पायरीतला कागद समोर धरा आणि त्यावर जे लिहिलं आहे ते वाचून दाखवा.