बेटावर गुरं पाळायची तर आधी पाणी मोजा

हवाईच्या मोठ्या बेटावर, वाइमेआच्या कोरड्या बाजूला, माझ्या सासरचा छोटा रँच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून गुरांचं बरंचसं काम माझ्याकडेच आहे. या धंद्यात उतरणारे जमिनीचा भाव आणि गाईंच्या जाती विचारतात. ते तुम्ही वाचलेलं असणारच. मी पाण्याबद्दल बोलणार आहे, कारण आमचं कंबरडं पाण्यानेच मोडलं होतं.

बेट म्हणजे भरपूर पाऊस, हे डोक्यातून काढून टाका. पूर्व किनाऱ्यावरच्या हिलोत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्या खालच्या कावाइहाए बंदरावर 300 सुद्धा नाही. ढग पूर्वेच्या उतारावरच रिकामे होतात, आमच्या वाट्याला नुसता वारा. जमीन लाव्ह्याची, पडेल ते पाणी मुरतं. पाइपलाइन नसेल तिथे छपरावरचं पाणी टाकीत धरायचं.

आता हिशोब करा. 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 100 चौरस मीटरच्या छपरावर 25 मिलिमीटर पडला तर 2500 लिटर, तेही पन्हळ गळत नसेल तर. अंगावर पिणारं वासरू असलेली गाय उन्हात दिवसाला 50-60 लिटर पाणी पिते. 30 गाई असतील तर रोजचे दीड हजाराच्या वर. म्हणजे एवढा दमदार पाऊस दोन दिवससुद्धा पुरत नाही! पण पावसानंतर टाकी काठोकाठ दिसते, गवत गुडघ्याला लागतं आणि माणूस आणखी कालवडी आणतो. मग पाऊस दडी मारतो आणि टँकरच्या बिलात वासरांचे पैसे जातात. कळप किती ठेवायचा ते गवत बघून ठरवू नका. सगळ्यात कोरड्या महिन्यात किती जनावरांना पाणी पुरेल, तोच आकडा धरा.

टाकीत पाणी आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. गुरांच्या पाण्याच्या डोणीतला फ्लोट, म्हणजे डोण भरली की नळ बंद करणारा तरंगता गोळा, अडकला की रातोरात टाकी रिकामी होते. गुरं त्याला तोंड लावतात, अंग घासतात, म्हणून फ्लोटवर जाळी हवीच. आमचा दिवस डोणींपासून सुरू होतो. पाणी काठापासून किती खाली आहे, सांध्याखालची माती ओली आहे का, ते बघायचं. करपलेल्या माळावर मधेच हातभर हिरवं गवत दिसलं तर समजावं, तिथे पाइप गळतोय.

टेक्सासचे व्हिडिओ बघून इथलं कुंपण घालता येत नाही. लाव्ह्यात पहार शिरत नाही. शिकायचं ते इथल्या जुन्या पानिओलोंकडून, म्हणजे हवाईच्या गुराख्यांकडून. 1793 साली व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली, 1830 च्या दशकात मेक्सिकन गुराखी आले, तेव्हापासून हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते फार बोलत नाहीत, हातात पक्कड देतात. वासरांना डाग द्यायच्या दिवशी आपल्याकडच्या इर्जिकीसारखे शेजारी एकमेकांकडे राबायला जातात. तिथे न बोलावता जा. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्यांपेक्षा माझा या लोकांवर जास्त विश्वास आहे.

गवतात पिवळ्या फुलांचं फायरवीड दिसलं की उपटा, ते गुरांचं यकृत खराब करतं. बेटाच्या पश्चिमेला कोनाकडे जमीन घेणार असाल तर स्पिटलबगबद्दल आधी विचारा. 2016 मध्ये सापडलेल्या या किड्याने तिथली किकुयू गवताची कुरणं वाळवली आहेत.

घाबरू मात्र नका. इथल्या कुरणांवर बर्फ पडत नाही, जमिनीवर विषारी साप नाहीत, पाणी आणि सावली मिळाली की गाई आपलं आपण निभावतात. पैशांचं मात्र तसं नाही. बहुतेक वासरं बोटीने मुख्य भूमीवर जातात आणि भाडं आपल्याच भावातून कापलं जातं. घरातल्या एकाने तरी नोकरी सोडू नये. माझे यजमान अजून सोडत नाहीत.