बंब पेटवावा कसा, शेजाऱ्यांना न छळता

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या फलकावर एक पाटी लागली. ‘ज्यांना धूर प्रिय आहे त्यांनी तो स्वतःच्या घरातच ठेवावा.’ खाली नाव नाही, सही नाही. पण कोथरूडच्या आमच्या गल्लीत सकाळी सहाला आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटवणारं घर एकच, त्यामुळे नावाची गरजही नव्हती. मी तशी चिडखोर बाई आहे. दोन दिवस ‘सासूबाईंच्या काळापासून पेटतोय, तेव्हा कुणाला खुपला नाही’ असं ह्यांना ऐकवत राहिले. तिसऱ्या दिवशी बंब पेटवून रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिले. पांढऱ्या धुराचा पट्टा वर जायच्याऐवजी कंपाउंडच्या भिंतीवरून आडवा सरकत होता आणि शेजारच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत शिरत होता. त्या घरात दम्याचे आजोबा आहेत. पाटी बरोबर होती.

एकतीस वर्षं मी एका कॉलेजच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे मोजल्याशिवाय मला काही पटत नाही. स्वयंपाकघरातला काटा, एक थर्मामीटर आणि वही घेऊन महिनाभर बंबाशी झटले. बंब म्हणजे तांब्याची उभी टाकी, मधून आरपार नळा, नळ्यात जाळीवर विस्तव आणि नळ्याभोवती पाणी. आमच्या बंबात वीस लिटर पाणी मावतं. ते १८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला ८४० किलोकॅलरी लागतात. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी असतात. म्हणजे हिशेबाने पाव किलो लाकूड पुरायला हवं, आणि मी रोज दोन किलो जाळत होते! उरलेलं सगळं आकाशात आणि आजोबांच्या खिडकीत. आज तेच पाणी सातशे ग्रॅमांत तापतं आणि पहिली पाच मिनिटं सोडली तर धूर शोधावा लागतो. त्यात थंड पाण्याचं विसण घातलं की दोघांच्या आंघोळी आरामात होतात.

आधी कुणी पेटवू नये ते सांगते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पेटवू नये. बाल्कनी म्हणजे अंगण नव्हे. ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांनी उन्हाच्या दिवसांत तोच वापरावा. आम्हीही वापरतो. आमचा बंब पेटतो तो दिवाळीत, ढगाळ दिवसांत आणि अंगणातल्या फांद्यांचं काय करायचं हा प्रश्न पडला की. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांवर उतरला होता, पण एरवी आपली थंडी पहाटेपुरती. खोल्या तापवायला शेगडी लागत नाही, आंघोळीला कढत पाणी मिळालं की दिवस मार्गी लागतो.

आणि बंब न्हाणीघरात ठेवून दार लावायचं नाही, कितीही थंडी असो. जुन्या वाड्यांत तो न्हाणीत असायचा, पण त्या न्हाणीला वरून कौलं आणि चहूबाजूंनी फटी असत. आजच्या टाइल लावलेल्या बाथरूममध्ये हवा यायला जागाच नाही. निखारे दिसायला शांत असतात, पण कार्बन मोनॉक्साइड तेच सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला आधी नुसतं डोकं जड झाल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं. बंब बाहेर उघड्यावर, पाणी बादलीने आत. हात दुखतील, दुखू देत.

बंब नसेल तर नव्यासाठी कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावं. ठोकून ठोकून तांब्यावर उठवलेले ते गोल ठसे, ज्याला मठार म्हणतात, ते हातचं काम आहे की मशीनचं, हे पाहून भाव करावा. जुन्यासाठी रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. जुना घेताना पोचे बघू नका, सांधे बघा. आमच्या बंबाला हा एवढा पोचा आहे. सासूबाईंचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाणी ओसरल्यावर बंब चिखलात उपडा सापडला. पोच्याने काही बिघडत नाही. मधला नळा जिथे तळाला आणि माथ्याला जोडलेला असतो तिथला डाख, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, मात्र नीट पाहा. पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवायचा. सकाळी कागद कोरडा असेल तर घ्यायचा.

लाकूड

खरा खेळ इथे आहे, बाकी सगळं नंतर.

ओलं लाकूड वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं. का वाईट, ते मला मोजेपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं की उष्णता लाकडातलं पाणी उडवण्यात जाते, म्हणून. तेवढी जातेच, पण ती फार मोठी नाही. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे सहाशे किलोकॅलरी, आणि ओल्या लाकडाच्या किलोभरात पाणी असतं चारशे-पाचशे ग्रॅम. मोठा तोटा वेगळाच आहे. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि ज्वाळा म्हणजे त्या वायूंचं जळणं. वाफेमुळे आच उतरली की हे वायू पेटतच नाहीत, तसेच वर निघून जातात. त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे विकत आणलेलं लाकूड न जळता निघून चाललंय. हे डोक्यात बसलं की धूर बघून डोळ्यांच्या आधी खिसा चुरचुरतो.

ताज्या तोडलेल्या फांदीत निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते वीस टक्क्यांच्या खाली यायला हवं. त्यासाठी आधी फोडायचं, मग वाळवायचं. अख्खा ओंडका वर्षभर ठेवला तरी सालीच्या आत ओला राहतो, कारण पाणी उघड्या पडलेल्या लाकडातून बाहेर पडतं. पूर्वी वखारीत ‘बंबफोड द्या’ म्हटलं की वीतभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड ढलप्या मिळायच्या. तो शब्द उगाच नव्हता. बंबाचा नळा अरुंद, त्यात मोठं लाकूड घातलं की हवेची वाट बंद होते. आता बंबफोड मागितला तर वखारीतला मुलगा तोंडाकडे बघतो. मी कोयत्याने घरीच फोडते, ह्यांना देत नाही. दिलं होतं एकदा, नखासकट परत मिळालं.

फोडलेलं लाकूड भिंतीपासून हातभर लांब, खाली विटा ठेवून, आडवं-उभं रचायचं. वर पत्रा, बाजू उघड्या. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवाल तर आत बुरशी येईल. ढिगात हात घालण्याआधी काठीने ठोकायचं, विंचवाला ही जागा आपल्याइतकीच आवडते. फांद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडल्या तर आपला एप्रिल-मे उरलेलं काम करतो. जूनच्या आत सगळं पडवीत. पावसाळ्यात सोलर रुसतो, आणि त्याच वेळी बाहेर राहिलेलं लाकूडही.

वाळलं की नाही, हे ओळखायला दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर झालं, बद्द आला तर अजून थांबा. माझ्यासारखं शंकेखोर असाल तर एका ढलपीवर खूण करा आणि दर रविवारी ती काट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळली.

बाभूळ सगळ्यांत चांगली, निखारा टिकतो. सुबाभूळ, आंबा, पेरू चालतात. गुलमोहर भसकन जळून जातो, तो पेटवणीला ठेवावा. नारळाच्या करवंटीची आच फार छान, पण एका वेळी एक तुकडा. चार टाकल्यात तर काळा धूर. शेंड्या नुसत्याच धुमसतात, त्या झाडांच्या बुडाशी घाला. कण्हेर चुकूनही नको, तिचा धूरही विषारी. प्लायवूड, सनमायका, रंग दिलेल्या खिडक्या, दुधाच्या पिशव्या यांतलं काहीही नळ्यात जाता कामा नये. बंब म्हणजे कचराकुंडी नाही.

अंगणातलं झाड आपलं असलं तरी ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. आम्ही परवानगीने केलेल्या छाटणीच्या आणि वादळात पडलेल्या फांद्यांवरच भागवतो, आणि त्या पुरतात.

पेटवणं

पहिलं पाणी, मग आग. हा क्रम चुकला तर डाख वितळतो आणि बंब चाळणी होतो. माथ्यापर्यंत भरा, तोटीतून धार येते का बघा, मगच काडेपेटीला हात.

जाळीवरची कालची राख पूर्ण पाडायची. हवा खालून येते, राखेने जाळी बुजली की गुदमरलेला विस्तव धूरच ओकणार. तुम्ही फुंकणीने फुंकत बसाल, आणि ज्या बंबाला सारखी फुंकणी लागते त्यात चूक दुसरीकडे असते.

आता माझा सगळ्यांत मोठा शोध. शोध जगाला जुना असेल, मला नवा होता. सासूबाई खाली रॉकेलची चिंधी, त्यावर काड्या, त्यावर लाकडं अशी रचना करत आणि खालून पेटवत. मीही तेच करत आले. त्यात होतं काय, की खालच्या आगीने वरची गार लाकडं तापतात, त्यांतून वायू निघतात आणि पेटायला वर ज्वाळाच नसते. म्हणून ते पहिलं वीस मिनिटांचं धुराचं नाटक. आता मी उलटं करते. जाड ढलप्या खाली, उभ्या, मध्ये फटी ठेवून. त्यावर बारीक. सगळ्यांत वर गुलमोहराच्या काटक्या आणि नारळाच्या पातीची एक गुंडाळी. पेटवायचं वरून. आग हळूहळू खाली सरकते आणि खालून निघालेला प्रत्येक वायू ज्वाळेतूनच वर जातो. रॉकेल लागत नाही.

एक पथ्य आहे. नळा तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरायचा नाही. वरची दोन हिस्से जागा ज्वाळेची. ज्वाळा नळ्याच्या आत राहिली तर पाणी तापेल, नळ्याच्या तोंडातून बाहेर नाचायला लागली तर कावळे तापतील. सुरुवातीला मी नळा गच्च भरायचे आणि वरून हातभर ज्वाळा निघाली की खूश व्हायचे. दोन किलो जात होते ते असे.

दहा-बारा मिनिटांनी निखारे झाले की एकेक ढलपी सोडायची. रंग बघत राहायचं. पांढरा धूर म्हणजे आच कमी किंवा लाकूड ओलं. काळा म्हणजे हवा कमी, एकदम जास्त घातलंत. नळ्यावर नुसती हवा थरथरताना दिसली की ठीक चाललंय. पाणी ५० अंशांच्या आसपास आलं, म्हणजे तोटीखाली बोट धरवेनासं झालं, की लाकूड घालणं थांबवायचं. उरलेले दहा अंश निखारे चढवतात. ज्वाळा पूर्ण विझली की नळ्यावर झाकण तिरकं ठेवायचं, अगदी बंद नाही. उघडा ठेवला तर खालून गार हवा शिरते आणि तापलेल्या नळ्यातली उष्णता घेऊन वर निघून जाते. या एका झाकणाने माझे, वहीप्रमाणे, शंभर ग्रॅम वाचले.

वेळही बदलली. हिवाळ्यात रात्रभर जमीन गार होते, तिच्या लगतची हवाही गार, जड होऊन बसते आणि वरच्या उबदार हवेचं तिच्यावर झाकण पडतं. पुण्याभोवती टेकड्या, त्यामुळे पहाटे सोडलेला धूर जातो कुठे? माणसांच्या नाकातच. ऊन चढलं की हवा हलते. आम्ही दोघं निवृत्त आहोत, साडेआठला पेटवतो. नरक चतुर्दशीला मात्र पहाटे चारलाच. अभ्यंगस्नान साडेआठला करणार असाल तर ते तुमचं तुम्ही बघा, माझ्याच्याने होत नाही. तेव्हा आदल्या दिवशी त्या आजोबांकडे जाऊन सांगून येते, खिडकी लावून घ्या म्हणून. पाटी त्यांच्याच सुनेने लावली होती, हे मला दुसऱ्या दिवाळीत फराळाचं ताट परत आलं तेव्हा कळलं. चकल्या चांगल्या करते.

नंतरचं

आठवड्यातून एकदा नळ्यातली काजळी काढायची. जुन्या खराट्याचा जुडगा वरून घालून फिरवला की पुरतो. काजळीचा पातळ थरसुद्धा उष्णता अडवतो, मग पाणी तापायला वेळ लागतो आणि आपण लाकडाला दोष देतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर आतून क्षारांचा पांढरा थर बसतो, तोही तसाच अडवतो. वर्षातून दोनदा चिंचेचा कोळ घालून पाणी कोमट करायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी खळबळून टाकायचं. बाहेरून चिंच आणि राख. आतली कल्हई गेली असेल तर करून घ्यावी, पण केली असली तरी बंबातलं पाणी पिऊ नये आणि भाताला तर नाहीच.

राख दुसऱ्या दिवशी काढायची आणि पत्र्याच्या डब्यातच. मी एकदा ‘गार झाली’ म्हणून प्लॅस्टिकच्या बादलीत भरली. वरून गार होती, पोटात निखारा होता. बादलीला बूड उरलं नाही आणि पडवीच्या फरशीवर अजून तो निळा डाग आहे. गार राख भांड्यांना घ्या, कंपोस्टमध्ये मूठभर टाका. ढीगभर नको, ती क्षारयुक्त असते.

बंब बरेच दिवस पेटणार नसेल तर रिकामा करून दोन दिवस उन्हात उपडा ठेवायचा, तोटी उघडी. मागच्या वर्षी तोटी बंद राहिली. सप्टेंबरात पहिली बादली सोडली, तर पाण्याबरोबर आधी कुंभारमाशीचं घर बाहेर आलं.