सवलतीच्या घरासाठी अर्ज: आधी जमिनीचा कागद

गोव्यातील वाळपई, साखळी, पेडणे, सांगे अशा लहान शहरांत सवलतीचे घर हवे असलेले बहुतेक जण योजनेच्या नावापासून चौकशी सुरू करतात. माझ्या मते ती पायाखालच्या जमिनीपासून सुरू करावी, कारण आपल्याला काय लागू पडेल हे तीच ठरवते. म्हणून प्रथम जमिनीवर कोणाचा हक्क आहे हे दाखवणारा एक-चौदाचा उतारा काढावा आणि कब्जेदार व इतर हक्क हे दोन्ही रकाने सावकाश वाचावेत.

कब्जेदार म्हणून आजोबांचे नाव असेल, तर सर्व वारसांची संमती लागते, आणि गोव्याच्या नागरी कायद्यानुसार त्यांच्या पती-पत्नींचीही सही घ्यावी लागते. नावाच्या स्पेलिंगकडेही लक्ष द्यावे. जुन्या दस्तऐवजांत ‘नाईक’ हे आडनाव पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई अशी अक्षरे लावून लिहिलेले असते आणि आधार कार्डावर साधे के असते. एवढ्या फरकावरून अर्ज अडू नये म्हणून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

घर भाटकाराच्या, म्हणजे दुसऱ्या जमीनमालकाच्या, जमिनीत असेल तर निराश होऊ नये. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार; 1975 च्या मुंडकार कायद्याखाली त्याला मामलेदारांकडे नोंदणी करता येते आणि पालिका क्षेत्रात 200, तर पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटर जागा विकत घेण्याचा हक्क मिळतो. यात वेळ जातो, पण जागा नावावर झाल्याशिवाय बांधकामाचे साहाय्य मागणे कठीण असते, म्हणून हे काम आजच हाती घ्यावे.

जागा स्वतःची असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 मध्ये घर बांधण्यासाठी अडीच लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. त्याची पहिली विचारणा पालिकेत करावी. जागा नसेल आणि उत्पन्न 9 लाखांपर्यंत असेल, तर याच योजनेतील व्याज सवलतीचा विचार करावा. त्यासाठी घराची किंमत 35 लाखांच्या आत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असावे लागते, आणि 1 लाख 80 हजारांपर्यंतची रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. पती, पत्नी वा अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे, ही अट दोन्हींना आहे. पंचायत क्षेत्रासाठी ग्रामीण योजना वेगळी आहे. पर्वरीच्या गोवा गृहनिर्माण मंडळाच्या जाहिरातींवरही नजर ठेवावी.

मामलेदारांचा उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा दाखला, घरपट्टीची पावती, सर्वांची आधार कार्डे आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे जमवूनच अर्ज भरावा. घर पत्नीच्या नावे किंवा दोघांच्या नावे दाखवावे. योजनेचा आग्रह तसा आहे आणि तो मला मनापासून योग्य वाटतो. अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

शेवटची विनंती अशी, की मे महिन्यात पावसाच्या धास्तीने जुने घर पाडण्याची घाई कोणी करू नये. साहाय्य बांधकामाच्या टप्प्यांनुसार, जागेवरची छायाचित्रे पाहून येते. त्यामुळे मंजुरीचे पत्र आणि बांधकाम परवाना हातात येईपर्यंत जुन्या छपरावर ताडपत्री घालून एक पावसाळा काढलेला बरा.