आज आयर्विनवर किती फूट?

समुपदेशन नव्यानं सुरू करणाऱ्या मुली माझ्याकडे सांगलीत येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, तुम्ही टेक्निक कुठलं वापरता?" मी सांगते, आधी रिपोर्ट मागते. थकवा, धडधड, सारखं रडू येणं घेऊन आलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, शुगर बघितलंय का, हे पहिल्याच दिवशी विचारा. सुरुवातीला मी एका मुलीचं बालपण चार सत्रं उकरत बसले होते. तिचं हिमोग्लोबिन निघालं ७! तेव्हापासून माझ्या फॉर्मवर रक्त, झोप, जेवण, पाळी वरती असतं.

मग माप. "अस्वस्थता दहापैकी किती?" असं विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा "पाच" म्हणून मोकळा होतो. मी विचारते, "आज आयर्विनवर किती फूट?" आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल, नदीचं पाणी तिथं फुटांत मोजतात. इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, ४० ला इशारा, ४५ ला धोका. उत्तर येतं, "बेचाळीस हाय बघा. सकाळी सदतीस होतं, जाऊबाईंचा फोन आला आन् चढलं." झालं, धागा हाती लागला. तुमच्या गावात नदी नसेल तर तिथलं माप शोधा.

एकदा मात्र हे अंगाशी आलं. हळदीच्या पेढीवरचे एक दिवाणजी, साठीला टेकलेले, झोप नाही म्हणून आलेले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मी सवयीनं फूट विचारले आणि ते गप्पच झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा त्यांच्या घराचा तळमजला बुडालेला. हे आधी विचारायला हवं होतं. मी माफी मागितली आणि माप बाजूला ठेवलं.

त्यांच्याबरोबर कागदावर तीन पिढ्या काढल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर फुली. रेघा मारताना माणसं जे बोलतात ते समोरासमोर बोलत नाहीत; हात गुंतलेला असतो ना. वडिलांच्या चौकोनापाशी पेन थांबलं. मग स्वप्न आलं : घरात पाणी, वडील पोत्यावर बसलेत, पाय पाण्यात, आणि उठत नाहीत.

इथं नवशिक्यांची जीभ वळवळते. पाणी म्हणजे अमुक, वडील म्हणजे तमुक. तेवढं टाळा. स्वप्न त्यांचं आहे, अर्थही तेच लावतील. तुम्ही बारीकसारीक विचारत राहा. पाण्याचा रंग? "पिवळा. हळद भिजलेली." वास? "तोच." उठले तर काय म्हणतील? बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, "हिशोब जुळला का, म्हणतील." आणि रुमाल शोधायला लागले. मी पाण्याचा ग्लास सरकवला, शब्द एक नाही. पुढची कित्येक सत्रं आम्ही त्या एका वाक्याभोवतीच होतो.

खोल जायचं ते पहिल्या अर्ध्या तासात. पन्नास मिनिटांचं सत्र असेल तर चाळिसाव्याला नवीन कप्पा उघडू नका. माणसाला गाडी चालवत घरी जायचं असतं. मरणाचा विचार येतो का, हे सरळ, त्याच शब्दांत विचारा. विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणाले तर स्वप्नं-बिप्नं राहू दे, घरचं माणूस आणि मानसोपचारतज्ज्ञ त्याच दिवशी. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून द्या. औषधाचं आपण बोलायचं नाही, सुरू करण्याचंही नाही आणि बंद करण्याचंही नाही.

बाहेर बसलेले नातेवाईक "काय म्हणाला ओ?" विचारणारच. "त्यांनाच विचारा," एवढंच उत्तर. गाव लहान, म्हणून पहिल्याच सत्रात सांगून टाका : रस्त्यात दिसलात तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, राग मानू नका.

गेल्या महिन्यात मंडईत दिवाणजी दिसले. मी मेथीच्या जुडीत डोकं घातलं. शेजारून जाताना तेच हळूच म्हणाले, "एकतीस," आणि पिशवी सावरत पुढे गेले.