पायथनमध्ये अंश, रेडियन आणि मिनिटं-सेकंदांचा हिशेब

पायथनच्या मॅथ मॉड्यूलमधली साइन, कॉस, टॅन ही फंक्शन्स कोन रेडियनमध्येच घेतात. साइन ३० अंशाची किंमत हवी म्हणून सरळ ३० पाठवलात, तर ०.५ ऐवजी −०.९८८ येतं. एरर मात्र येत नाही. चुकीचा आकडा गुपचूप पुढच्या गणितात शिरतो.

आधी मॅथ.रेडियन्स(३०) करा, मग साइन घ्या. उलट जायला मॅथ.डिग्रीज आहे. पाय भागिले १८० ने स्वतः गुणलंत तरी चालेल, पण मॅथ.पाय वापरा. ३.१४ घेतलंत तर १८० अंशांवर सुमारे ०.०९ अंशाचा फरक पडतो. मॅथ.रेडियन्सला एका वेळी एकच आकडा चालतो. अख्ख्या यादीसाठी नमपाय या गणिती लायब्ररीचं रेडियन्स घ्या.

एवढं करूनही ०.५ ऐवजी ०.४९९९९९९९९९९९९९९९४ दिसेल. हा फ्लोटचा, म्हणजे संगणकातल्या दशांश आकड्यांचा, स्वभाव आहे. दुहेरी बरोबर चिन्हाने तुलना करू नका, दोन आकडे पुरेसे जवळ आहेत का ते सांगणारं मॅथ.इझक्लोज वापरा. कॉस ९० अंश शून्याशी ताडताना मात्र त्याला निरपेक्ष मर्यादाही (एबीएस_टॉल, म्हणजे चालेल तेवढा थेट फरक) द्यावी लागते, उदाहरणार्थ ०.००००००००१. मूळ सेटिंगमध्ये ती शून्य असते, त्यामुळे तुलना फसतेच.

खरा घोळ अक्षांश-रेखांशांत होतो. अंश + मिनिटं/६० + सेकंद/३६०० हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ऋण चिन्ह आलं की गडबडतं. मॉरिशसचं पोर्ट लुई साधारण २० अंश १० मिनिटं दक्षिणेला आहे. −२० मध्ये १०/६० मिळवले की −१९.८३ येतं, हवं असतं −२०.१७. म्हणजे जागा जवळपास ३७ किलोमीटर सरकली! चिन्ह वेगळं ठेवा, बेरीज धन आकड्यांची करा, चिन्ह शेवटी लावा. ते अंशाच्या आकड्यावरून ओळखायला जाऊ नका: −० अंश ३० मिनिटं पूर्णांकात घेतलेत की उणे गळून पडतं. उत्तर-दक्षिण अक्षरावरून ठरवा.

उलट दिशेने जाताना ५९ मिनिटं ६० सेकंद असलं विचित्र उत्तर टाळायचं तर आधी एकूण सेकंद काढून राउंड करा, मग भागाकार आणि बाकी एकदम देणाऱ्या डिवमॉडने ३६०० आणि ६० चे भाग पाडा.

दिशा काढताना एटॅन२ मध्ये वाय आधी, एक्स नंतर. त्याचं उत्तरही रेडियनमध्येच येतं; अंशांत बदललं की ते −१८० ते १८० असतं. ० ते ३६० हवं असेल तर त्या अंशांवर % ३६० (३६० ने भागून बाकी) करा. पायथनमध्ये −९० चे २७० होतात, जावास्क्रिप्टमध्ये तेच −९० राहतात. तिथे ३६० मिळवून पुन्हा % करावं लागतं.

व्हेरिएबलच्या नावातच एकक लिहा: कोन_अंश, कोन_रेड. रूपांतर फक्त इनपुट घेताना आणि उत्तर दाखवताना करा. मधलं सगळं गणित रेडियनमध्येच ठेवा.